ढगांनी बदललेला क्रम : रिओ द जानेरोतल्या एका दिवसाचं प्रकरण

फोन आला तेव्हा पुण्यात दुपारचे साडेचार वाजले होते आणि रिओत सकाळचे आठ. मी सहली आखतो आणि फोन आमच्या रिओतल्या गाईडबाईंचा होता. त्या म्हणाल्या, "मी बोताफोगोवरून येताना पाहिलं. डोंगराला ढग बसलाय. पुतळा अजिबात दिसत नाही."

माझ्या पाहुण्यांच्या हातात कोर्कोवादो डोंगरावरच्या क्रिस्तोच्या, म्हणजे येशूच्या, पुतळ्याकडे नेणाऱ्या सकाळी नऊच्या रेल्वेची पाच तिकिटं होती. ज्या मध्यस्थाकडून मी ती घेतली होती त्याच्या अटींनुसार वेळ बदलून मिळणार नव्हती आणि पैसेही परत मिळणार नव्हते. हॉटेलातून स्टेशनला पोचायला वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे निर्णयाला फार तर दहा मिनिटं होती. त्या दहा मिनिटांत काय ठरलं, त्यामुळे पुढचा दिवस कसा गेला आणि माझ्या आखणीत मुळात काय चुकलं होतं, ते इथे लिहितो. छोट्या गटांच्या सहली आखणाऱ्यांना आणि स्वतःच्या आईवडलांना परदेशी घेऊन जाणाऱ्यांना ते उपयोगी पडेल.

पाहुणे आणि माझी यादी

कुटुंब नाशिकचं. आजी ७४ वर्षांच्या, माहेर सावंतवाडीकडचं, उजवा गुडघा दुखरा. मुलगा, सून आणि ११ वर्षांचा नातू. शिवाय मुलाची धाकटी बहीण, म्हणजे नातवाची आत्या. ती कामानिमित्त साओ पाउलोत राहते आणि हा सगळा प्रवास तिच्याकडे जायचा म्हणूनच निघाला होता. मुक्काम साओ पाउलोतच, रिओला दोन रात्री आणि मध्ये एकच पूर्ण दिवस. तो दिवस त्यांना खासगी हवा होता : स्वतःची गाडी, स्वतःचा गाईड, कुणाच्या मागे धावाधाव नाही.

महिना जुलैचा होता. तिकडे हिवाळा, हवा एरवी बरीच स्वच्छ, पण दक्षिणेकडून थंड वारे आले की दिवसचे दिवस ढग साचतात. ब्राझिलमधल्या शाळांनाही तेव्हा सुट्टी असते, त्यामुळे गर्दी जास्त. आणि सूर्य साडेपाचच्या आत मावळतो. डिसेंबरात जाणाऱ्याला संध्याकाळचा जो जास्तीचा तास मिळतो, तो जुलैत मिळत नाही.

या तिन्ही गोष्टी मला माहीत होत्या. तरीही मी जी यादी केली ती अशी : सकाळी क्रिस्तोचा पुतळा, मग माराकाना स्टेडियम, कार्निव्हलची मिरवणूक निघते तो सांबाद्रोम, मोठं कॅथेड्रल, लापाच्या कमानी, सेलारोनच्या रंगीत पायऱ्या, जेवण, शुगरलोफची केबल कार, शेवटी कोपाकबाना आणि इपानेमाचे समुद्रकिनारे. प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटं लिहिली होती. बाजारात 'एका दिवसात संपूर्ण रिओ' म्हणून जे विकलं जातं तेच मी खासगी गाडीत बसवून दिलं होतं. आजींचा गुडघा यादीत फक्त एका ओळीत होता, 'ज्येष्ठ नागरिक सोबत'. आणि त्या दिवशी आषाढी एकादशी आहे हे तर यादीत कुठेच नव्हतं. ते मला गाईडबाईंकडून कळलं. आदल्या संध्याकाळी सहाच्या सुमारास आजी हॉटेलच्या खोलीत फोनवर पंढरपूरची शासकीय महापूजा बघत बसल्या होत्या. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे अडीच. कार्यक्रम समजावून सांगायला आलेल्या गाईडबाईंनी ते पाहिलं, आत्याला विचारलं, आणि उद्या आजी काय खातील याची चौकशी तेव्हाच करून ठेवली.

गाईडबाईंबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. ब्राझिलमध्ये गाईड म्हणून काम करायला पर्यटन मंत्रालयाकडची नोंदणी लागते. ती त्यांच्याकडे होती आणि मी आधीच तपासली होती. दुसरं, त्यांनी काम घेताना एकच अट घातली : चालक वेगळा हवा. मी आधी गाडी चालवणाराच गाईड घेणार होतो, खर्च कमी होतो म्हणून. त्यांचं म्हणणं होतं की लापामध्ये गाडी लावायला जागा शोधत बसणारा गाईड पाहुण्यांसोबत असूच शकत नाही, आणि आजींना प्रत्येक वेळी दारात उतरवायचं तर गाडी कुणीतरी फिरवत ठेवली पाहिजे. मी ती अट मान्य केली. पूर्ण आखणीत माझ्याकडून झालेला हा सर्वांत चांगला निर्णय, आणि तो माझ्या डोक्यातून आलेला नव्हता.

दहा मिनिटं

गाईडबाईंचा प्रस्ताव साधा होता. ढग दुपारपर्यंत उठेल असं त्यांना वाटत होतं, खात्री नव्हती. आत्ता वर गेलं तर पांढऱ्या धुक्यात ८ मीटरचा चौथरा दिसेल, त्यावरचा ३० मीटरचा पुतळा दिसणार नाही. त्यापेक्षा दिवस उलटा करू. आधी बंदर आणि जुनं शहर, मग जेवण, मग डोंगर.

मुलाचा विरोध स्वाभाविक होता. "अहो, पाच तिकिटांचे पैसे पाण्यात घालायचे का? आणि दुपारी नाहीच उठला ढग तर? वरती गेलो होतो एवढं तरी राहील."

या वाक्यात बरंच काही आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. 'गेलो होतो एवढं तरी राहील' ही आपल्या सगळ्यांची भावना असते. इतक्या लांब आलोय, परत येणं होईल न होईल. पण तिकीट हातात आहे म्हणून ७४ वर्षांच्या बाईंना थंड वाऱ्यात, धुक्यात उभं करायचं आणि ज्या गुडघ्यात दिवसभराचं बळ आहे ते पहिल्याच तासात खर्च करायचं, यात पैसे वाचत नाहीत, दिवस मात्र जातो. मी त्यांना सांगितलं, की तिकिटांचा भुर्दंड आमच्याकडे. वेळेचं बंधन असलेली तिकिटं मी घेतली, हवामानाचा विचार न करता घेतली, तेव्हा तो खर्च तुमच्यावर येणार नाही. दुपारी जायला दुसरा मार्ग आहे, डोंगरावरच्या पायनेइरास थांब्यापर्यंत आपली गाडी आणि तिथून तिजुका राष्ट्रीय उद्यानाची व्हॅन.

खासगी सहलीबद्दल एक गैरसमज यानिमित्ताने सांगतो. पुतळ्यापर्यंत खासगी गाडी जातच नाही. तुम्ही कितीही पैसे मोजा, पायी चढायचं नसेल तर वर जायचं ते रेल्वेने किंवा अधिकृत व्हॅननेच. तिथली रांग सगळ्यांना सारखी. खासगी सहलीत जे खरोखर विकत मिळतं ते म्हणजे क्रम. काय आधी, काय नंतर, काय सोडायचं. आणि मी नेमका तोच, नऊच्या तिकिटांनी, आधीच बांधून टाकला होता.

आजींनी एका वाक्यात वाद मिटवला. "देव डोंगरावरनं कुठं जातोय? दुपारी जाऊ."

बंदरापासून

गाडी पहिल्यांदा थांबली ती माझ्या यादीत नसलेल्या ठिकाणी, व्हालोंगोच्या धक्क्यावर. तिकीट नाही, चढ नाही, पायऱ्या नाहीत. गाडीतून उतरून कठड्याशी उभं राहिलं की खाली दगडी फरसबंदी दिसते. १८११ मध्ये हा धक्का बांधला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली सुमारे ९ लाख माणसं या बंदरावर उतरली असा अंदाज आहे. १८४३ मध्ये ब्राझिलचा सम्राट दुसरा पेद्रो याची वधू तेरेझा क्रिस्तिना येणार म्हणून त्यावरच नवा, देखणा धक्का बांधला गेला. पुढे तोही बुजला. २०११ मध्ये बंदर परिसराच्या नूतनीकरणासाठी खोदकाम चालू असताना दोन्ही थर वर आले. २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून त्याची नोंद केली. जवळच्याच गांबोआ भागात १९९६ मध्ये एका घराच्या दुरुस्तीत जमिनीखाली हाडं सापडली. प्रवासात खंगून, उतरल्यावर लगेच मेलेल्यांना पुरायची ती जागा होती.

गाईडबाई इंग्रजीत सांगत होत्या, आत्या मराठीत. आजींनी विचारलं, इथे कुणी फूल वाहतं का? बाईंनी सांगितलं, हो, वर्षातून एकदा आफ्रिकी परंपरेतल्या स्त्रिया पांढरे कपडे घालून येतात आणि हा धक्का पाण्याने, फुलांनी धुतात. आजी मग थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत.

गाईडबाईंनी पुढचं सूत्र इथेच बांधलं, आणि मला त्यांच्या कामातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. ही माणसं इथे उतरली, त्यांतली बरीच कॉफीच्या मळ्यांवर गेली. ते मळे कुठे होते? "तो ढगातला डोंगर दिसतोय ना, त्या रांगेच्या उतारांवर. दुपारी तिथे जाऊ तेव्हा सांगते." सकाळी ज्या डोंगराने पाठ फिरवली होती त्याचीच आता उत्सुकता लागली.

पुढचे दोन थांबे छोटे. कॅथेड्रल बाहेरून काँक्रीटचा प्रचंड शंकू आहे, १९७९ मध्ये पूर्ण झालेला, ७५ मीटर उंच. बाहेरून तो कुणालाच आवडला नाही. आत गेल्यावर चारही बाजूंनी जमिनीपासून छतापर्यंत गेलेल्या रंगीत काचा आणि वर क्रूसाच्या आकाराची काचेची फट, त्यातून आलेला उजेड. आजींना बसायला बाक आणि सपाट जमीन. अर्धा तास ठरला होता, पाऊण तास झाला, आणि ते योग्यच होतं.

सेलारोनच्या पायऱ्या २१५. होर्हे सेलारोन हा मूळचा चिलीचा चित्रकार. १९९० मध्ये त्याने स्वतःच्या घरासमोरच्या मोडक्या पायऱ्यांना फरशा लावायला सुरुवात केली आणि २०१३ मध्ये त्याच पायऱ्यांवर तो मृतावस्थेत सापडेपर्यंत ते काम थांबलं नाही. जगभरातून लोक त्याला फरशा पाठवत. माझ्या यादीत इथे 'पायऱ्या चढून सांता तेरेझा', म्हणजे वरच्या वस्तीपर्यंत, असं लिहिलं होतं. आजींसोबत ते अशक्य होतं आणि लिहिताना मला कळायला हवं होतं. नातू आणि सून वरपर्यंत जाऊन आले, बाकीचे खालीच थांबले. इथे गर्दीत फोन हिसकावला जाण्याची भीती असते. गाईडबाईंनी फोटो कुठे उभं राहून काढायचा आणि नंतर फोन कुठे ठेवायचा हे गाडीतच सांगितलं होतं. तेवढं पुरलं.

एकादशीचं जेवण

दुपारी आजी सोडून बाकीच्यांसाठी सगळे वजनावर जेवण मिळतं अशा खाणावळीत गेले. ही पद्धत शाकाहारी माणसाला फार सोयीची. डोळ्यांनी बघून ताटात घ्यायचं आणि ताट वजन करून पैसे द्यायचे. फक्त काळ्या घेवड्याची उसळ दिसते साधी, पण तिच्यात अनेकदा डुकराचं मांस घातलेलं असतं. विचारल्याशिवाय घेऊ नये. चीजचे छोटे गोल पाव सगळीकडे मिळतात, त्यांत अंडं असतं.

आजींसाठी गाईडबाईंनी आदल्या रात्रीच शोधून ठेवलं होतं : तापिओका. कसाव्याच्या कंदाचा ओलसर पांढरा स्टार्च कोरड्या गरम तव्यावर चाळून पसरतात. तेल लागत नाही, पाणी लागत नाही, कण एकमेकांना चिकटून आपोआप घावन तयार होतं. त्यात ओलं खोबरं भरून घडी घालतात. याच तव्यावर कुणाकुणासाठी चिकनही भरतात, म्हणून बाईंनी तवा आधी धुऊन घ्यायला लावला आणि तो धुतलेला आजींना दाखवला.

आजींनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "हा साबुदाणाच की."

तोच आहे. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेचा, आणि 'तापिओका' हा शब्द ब्राझिलच्या तुपी भाषेतून आला. शेंगदाणा तिकडचा. रताळं, बटाटा, राजगिरा, हिरवी मिरची, सगळं अमेरिका खंडातलं. आपल्या उपवासाच्या ताटातला निम्म्याहून जास्त ऐवज समुद्र ओलांडून आलेला आहे, आणि त्या ताटाच्या माहेरी बसून एक नाशिकची आजी आषाढीचा उपवास करत होती. सोबत शहाळं. आणि शेवटी गूळ-शेंगदाण्याची चिक्की, जिला तिथे 'पे द मोलेके' म्हणतात. दगडगोटे बसवून केलेल्या जुन्या फरसबंदीलाही हेच नाव आहे. सकाळी व्हालोंगोला पाहिली ती तशीच.

मग शब्दांचा खेळ सुरू झाला आणि त्यात नातू सगळ्यांत पुढे. पाव, बटाटा, चावी, साबण, अननस, काजू : गाईडबाई पोर्तुगीज शब्द म्हणायच्या आणि पोरगा मराठी. काजूचं झाड ब्राझिलचं, पोर्तुगीजांनी ते गोव्याला आणलं. सावंतवाडीच्या माणसाला हे सांगितलं की त्याला आधी पटत नाही. आजींनाही पटलं नाही.

डोंगर

दीडच्या सुमाराला ढग उठला. अंदाज खरा ठरला हे नशीब, आणि ते मी निर्णयाच्या शहाणपणात जमा करत नाही. ढग राहिला असता तर गाईडबाईंची दुसरी तयारी होती : पुतळा सोडून थेट शुगरलोफ आणि मधल्या वेळात बोटॅनिकल गार्डन.

पायनेइरासला जाणारा रस्ता तिजुकाच्या जंगलातून चढतो. सकाळचं अर्धं सोडलेलं सूत्र बाईंनी तिथे उचललं. एकोणिसाव्या शतकात कॉफीसाठी हे उतार तोडून उघडे केले गेले. झरे आटले, शहराला पाण्याची टंचाई पडली. तेव्हा १८६१ मध्ये सम्राटाच्या आज्ञेने पुन्हा झाडं लावायचं काम सुरू झालं आणि ते मेजर मानुएल गोमेस आर्शेर यांच्याकडे आलं. सुरुवातीला हाताशी होती मोजकी गुलाम माणसं. ज्या व्यवस्थेने जंगल तोडलं, तिच्याच तावडीतल्या माणसांनी ते हातांनी परत लावलं. ब्राझिलमध्ये गुलामगिरी संपली ती १८८८ मध्ये.

वळणावर आजी एकदम म्हणाल्या, "अगो, फणस!"

होताच फणस. पोर्तुगीजांनी भारतातून नेलेला. तिथे त्याला 'जाका' म्हणतात, मल्याळीतल्या 'चक्का'वरून. तिजुकात तो इतका माजला आहे की स्थानिक झाडांना जागा देत नाही, आणि जंगल सांभाळणाऱ्यांना तो आवरावा लागतो. आजींना याचं वाईट वाटलं. काजू इकडे आला आणि आपला झाला, फणस तिकडे जाऊन उपरा राहिला, असं त्या म्हणाल्या. आत्याने ते गाईडबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि आजींना उतरून झाडाला हात लावू दिला. माझ्या यादीतल्या कुठल्याच मिनिटांत हे बसलं नसतं.

वर लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, त्यामुळे दोनशेवर पायऱ्या टळतात. पण लिफ्ट चालू आहे का हे त्याच दिवशी विचारायचं. पुतळा १९३१चा, आत काँक्रीट, बाहेर संगजिऱ्याच्या छोट्या तिकोनी फरशा. दोन्ही हातांच्या टोकांमधलं अंतर २८ मीटर. रेल्वे त्याहून जुनी, १८८४ची. पुतळ्याचं बांधकाम साहित्य तिनेच वर नेलं.

आता तोटा सांगतो. पुतळ्याचं तोंड पूर्वेला आहे. सकाळचं ऊन चेहऱ्यावर पडतं. दुपारी सूर्य पाठीमागे जातो आणि फोटोत पुतळा काळा येतो. सुनेची निराशा झाली. पण त्याच कारणाने दुपारी खालचं शहर, उपसागर आणि शुगरलोफ लख्ख उजळलेले असतात, सकाळी मात्र सूर्य त्यांच्याच बाजूला असतो आणि ते नीट दिसत नाहीत. या दोनांतलं काय हवं हे पाहुण्याला आधी विचारायला हवं, आणि मी आजवर कुणालाही विचारलेलं नव्हतं.

दुसरा तोटा नातवाचा. माराकाना गेलं. तो सकाळपासून त्याचीच वाट बघत होता आणि गाडीत रुसून बसला होता. गाईडबाईंनी त्याला वरच्या कठड्याच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात नेलं आणि खाली पांढरं वर्तुळ दाखवलं. मग १९५० च्या जुलैमधली गोष्ट सांगितली : विश्वचषकाचा शेवटचा सामना, ब्राझिलला नुसती बरोबरी पुरली असती, जवळपास दोन लाख लोक, आणि उरुग्वेने २-१ असा जिंकला. पोरगं ऐकत राहिलं. तरी मी ही भरपाई मानत नाही. अकरा वर्षांच्या मुलाला स्टेडियम आत जाऊन बघायचं होतं आणि ते त्याला मिळालं नाही. सांबाद्रोम गेल्याचं मात्र कुणालाही आठवलंसुद्धा नाही.

चारनंतर शुगरलोफ. उसाच्या रसाचा पाक शंकूच्या साच्यात ओतून साखरेची ढेप करत, तिच्यासारखा हा डोंगर. नाव 'पाउं दी आसूकार', म्हणजे साखरेचा पाव. 'पाउं' ऐकल्यावर नातू हसला. १९१२ मध्ये पहिला टप्पा सुरू झालेली केबल कार दोन उड्या घेते, आधी उर्का टेकडी, मग ३९६ मीटरचं शिखर. आजींसाठी हा दिवसातला सर्वांत सोपा चढ होता. सूर्य डोंगरांमागे गेला तेव्हा कोर्कोवादोवरचा पुतळा आकाशात बारीक, काळा, स्पष्ट दिसत होता. इपानेमा राहिलं. साडेसहाला सगळे हॉटेलवर.

यानंतर बदललेलं

त्या दिवसापासून मी कोर्कोवादोची वेळेची तिकिटं महिनाभर आधी घेत नाही. सुट्टीच्या हंगामात घ्यावीच लागली तर पाहुण्यांना धोका आधी सांगतो आणि दुपारच्या मार्गाचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवतो. यादीत एका दिवसात चारच मोठी ठिकाणं, आणि त्यांतलं एक घरातलं सर्वांत लहान माणूस निवडतं. गुडघे, उपवास, औषधांच्या वेळा यांसाठी अर्जात स्वतंत्र जागा केली आहे आणि तो अर्ज जसाच्या तसा गाईडला जातो. ब्राझिलहून परतताना पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र भारतात तपासतात, ती लस प्रवासाला निघण्याआधी किमान १० दिवस घ्यावी लागते आणि साठीपुढच्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं. हे आता अर्जाच्या पहिल्याच पानावर आहे. आजींच्या बाबतीत ते काम मुलाने वेळेत केलं होतं, मी आठवण करण्याआधी.

गाईडबाईंना मी दर वाढवून दिला. त्या म्हणाल्या, दर ठीक आहे, पुढच्या वेळी यादी पाठवू नका, माणसं कोण आहेत ते लिहून पाठवा.

महिन्याभराने आत्याने फोटो पाठवले. पुतळ्याचा एकही नीट आलेला नव्हता. एक फोटो मात्र मी ठेवून घेतला. कठड्याला टेकून आजी उभ्या, दुपारचं ऊन थेट चेहऱ्यावर, मागे उजळलेला उपसागर, आणि हातात वळणावर उचललेलं फणसाचं वाळकं पान.